चुकलेली पाळी

वाक्य कानावर पडलं तेव्हा ते एक होतं, आणि जिना उतरता उतरता ते दुसरंच झालं. प्रमिलाबाई मधल्याच पायरीवर थांबल्या. खालून कापड वाळवणाऱ्या स्टेंटर मशीनची धग येत होती, ओल्या कापडाचा उकडल्यासारखा वास येत होता, कोणीतरी कोणाला तरी "अरे ओ, ट्रॉली लाव ने" म्हणून ओरडत होतं, आणि त्यांच्या डोक्यात मात्र एक बारीक आवाज पुन्हा पहिल्यापासून बोलू लागला होता. "बाई, माही पाळी चुकली." चैताली एवढंच म्हणाली होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, नजर प्रमिलाबाईंवर ठेवून. समोर बसलेल्या झरणाबेननी "शिफ्ट मिस. बराबर," असं पुटपुटत ते लॅपटॉपमध्ये घेतलं होतं आणि खात्री करून घ्यायला प्रमिलाबाईंकडे पाहिलं होतं. प्रमिलाबाईंनी मान हलवली होती. आता कठड्यावर हात ठेवून उभ्या असताना ती मान आपली नव्हतीच, कोणीतरी मागून धरून हलवली, असं त्यांना वाटायला लागलं. मिलमध्ये पाळी चुकली तर माणूस खाली बघून सांगतो. ही पोरगी डोळ्यात डोळे घालून सांगत होती.

झरणाबेन अहमदाबादहून आली होती. बमरोलीतल्या या प्रोसेसिंग मिलचं छापील कापड परदेशात जाऊ लागल्यापासून तिकडच्या लोकांना दरवर्षी एक अहवाल लागायचा: मिलने पाणी किती घेतलं, सोडलं ते कसलं सोडलं, कोळसा किती जाळला, आणि माणसं कशी ठेवली. शाश्वततेचा अहवाल. पहिल्यांदा तो शब्द कानावर आला तेव्हा प्रमिलाबाईंना नवल वाटलं होतं. शाश्वत म्हणजे तो एकच, बाकी सगळं जाणारं, असं त्या लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलेल्या. इथे शाश्वत व्हायला निघालेली म्हणजे बॉयलरची चिमणी आणि मागच्या आवारातलं सांडपाण्याचं टाकं. घरी नवऱ्याला, रामदासना, सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे मिलची कुंडली मांडायला बाई आली म्हण की. मंगळ निघाला तर सांग, पंडितला शांत करायला लावू." पंडित म्हणजे मिलला माणसं पुरवणारा कंत्राटदार. माणसांशी समोरासमोर बोलायचं असा त्या अहवालाचा नियम होता, आणि मिलमधली निम्मी माणसं खानदेशातली, वऱ्हाडातली. म्हणून ऑफिसात कामगार-कल्याणाचं बघणाऱ्या प्रमिलाबाईंना झरणाबेनशेजारी खुर्ची मिळाली होती. मुलगी गुणी होती. प्रत्येकाला आधी पाणी विचारायची. मराठी तिला अर्धंमुर्धं कळायचं, आणि पाळी हा शब्द तर पूर्ण कळायचा, कारण तो गुजरातीतही आहे. दिवसपाळी, रातपाळी. गुजरातीत तो मिलच्या फाटकापाशीच थांबतो. मराठीत तो घरात येतो, मोरीपर्यंत येतो, देवघराच्या उंबऱ्याशी बाईला अडवून उभा राहतो.

आणि हेच आपल्याला कळलं नाही. आपल्याला! प्रमिलाबाई पायरीवर बसल्याच. दर चातुर्मासात त्या काहीतरी सोडायच्या. एका वर्षी मीठ, एका वर्षी चप्पल, एका वर्षी गादी. यंदा देवासमोर हात जोडून त्यांनी म्हटलं होतं, कोणाचं बोलणं मध्ये तोडणार नाही. समोरच्याचं पुरतं होऊ द्यायचं, मगच आपलं. रामदास हसले होते, "तू कधी तोडलंस गं? हा नेम खरा मी घ्यायला पाहिजे." आषाढापासून नेम बिनबोभाट पाळला जात होता, इतका की बोलण्याची त्यांची वेळ येईपर्यंत समोरचा माणूस निघून जायचा आणि त्याचंही त्यांना काही वाटत नसे. आज तेच झालं. झरणाबेन बोलत होती, चैताली उठत होती, पुढचा माणूस दारात येऊन उभा होता. पण नेमावर का ढकलायचं? नेम नसता तरी आपण मानच हलवली असती. तो दुसरा अर्थ आपल्या कानाने कधीच मिटून घेतलेला होता. शरीराने सोडला त्याच्याही आधी.

कारण त्या अर्थाने त्यांना फार वर्षं वागवलं होतं. लग्न होऊन डिंडोलीला आल्या तेव्हा एकच खोली, मध्ये साडीचा पडदा, पडद्याच्या अलीकडे सासूबाई. सासूबाई काही वाईट नव्हत्या. महिन्याचे दिवस भरत आले की भाकरी थापता थापता तव्याकडे बघून विचारायच्या, "चुकनी का व?" अहिराणीत तो प्रश्न मऊ लागतो, लोण्यासारखा, आणि लोण्यासारखाच आत उतरतो. "नही ना माय," म्हणायचं आणि कोपऱ्यात बसायचं. मग वार सुरू झाले. सोमवार झाला, गुरुवार झाला, भिजवलेली डाळ, न शिवलेलं पाणी, कोणी सांगितलं पिंपळ, कोणी सांगितलं औदुंबर. रामदास तेव्हा लूमवर रातपाळी करायचे आणि दुपारी उघड्या अंगाने, तोंडावर पंचा टाकून झोपायचे. एका दुपारी, सासूबाई दळणाला गेलेल्या असताना, प्रमिलाबाई त्यांच्या उशाशी बसल्या. सांगावं की थांबावं? दिवस वर गेले होते, बरेच वर गेले होते. शेवटी त्यांच्या कानाशी वाकून त्या म्हणाल्या, "अहो, पाळी चुकली." रामदास ताडकन उठले. "चुकली? भोंगा झाला?" आणि उलटा शर्ट अंगात घालून, एक पाय चपलेत आणि एक उंबऱ्याबाहेर. "तुमची नाही हो," त्या म्हणाल्या, "माझी." ते दारात तसेच उभे राहिले. मग त्यांना कळलं, आणि कळलं ते आधी कानांना कळलं, कान लाल झाले. दोघं किती हसले! शेजारची बाई भिंतीवर थाप मारून म्हणाली, काय झालं ओ. तो उलटा शर्ट प्रमिलाबाईंनी त्या दिवशी बदलू दिला नाही. तसाच घालून कामावर जा, म्हणाल्या, आणि ते गेलेही. पुढच्या आठवड्यात पाळी आली. सासूबाईंनी त्या महिन्यात विचारलं नाही. नंतरही कधी विचारलं नाही, आणि ते न विचारणं भाकरीच्या पिठासारखं घरभर पांढरं पसरून राहिलं. पण ती दुपार? ती काही खोटी नव्हती. तिला काय म्हणायचं? तेवढे दिवस त्या घरात तीन माणसं नव्हती, चार होती. ते चौथं कोणी मोजलं नाही इतकंच.

"बाई, तब्येत बरी आहे ना?" खालून पंडित येत होता. पानाने रंगलेलं तोंड, खिशात दोन मोबाइल, शिरपूरकडचा, बोलताना तीन भाषांची भेळ करणारा. प्रमिलाबाईंनी सरकून वाट दिली. तो वर गेला आणि अर्ध्या उघड्या दारातून त्याचं बोलणं जिन्यावर येत राहिलं. सेठ बोलले होते, परदेशातले पाहुणे यायच्या आधी हजेरीचा आकडा चांगला दिसला पाहिजे. जे कच्चे आहेत, दांड्या मारतात, त्यांना आत्ताच मोकळं करा. "बेन, तुम्हाला कोण कोण बोललं पाळी चुकली म्हणून? नावं नकोत लिहायला, मला तोंडी सांगा." झरणाबेन म्हणाली, नाव देणं नियमात नाही. "अरे पण ती आत्ता गेली ती, कलर किचनवाली, चैताली, ती तर मी बाहेर उभा राहूनच ऐकली. तिला सोमवारपासून थांबवतो. एक गेली तर दहा येतात."

प्रमिलाबाई उठल्या आणि जिना उतरल्या.

रंग कालवतात त्या खोलीला मिलमध्ये कलर किचन म्हणतात. नवीन माणूस आला की बायका त्याला विचारायच्या, काय रे, जेवायला आला का. तिथे दोघीच बायका होत्या, चैताली आणि काशीबाई. काशीबाईंचे केस पांढरे आणि नखं निळी. त्या स्टुलावर बसून वजनाच्या काट्यावर पूड घालत होत्या, आणि त्यांचं ते स्टूल कोणाला मिळत नसे. चैताली पिंपात लाकडी दांड्याने घोळ ढवळत होती. तोंडावर ओढणी आवळून बांधलेली. हवेत पूड तरंगत होती, उन्हाच्या पट्ट्यात गुलाबी दिसत होती आणि सावलीत काहीच दिसत नव्हती. आंबूस, डोळ्यांत जाणारा वास. या खोलीच्या दारात त्या किती वेळा येऊन गेल्या असतील. आज पहिल्यांदा वाटलं की आपण पुरता श्वास घेत नाही आहोत.

"चैताली, जरा बाहेर ये."

दोघी सांडपाण्याच्या टाक्याकडे गेल्या. इथे बोललेलं पंपाच्या आवाजात कोणाला ऐकू जात नाही. चैतालीने ओढणी सोडली. तोंड केवढंसं झालेलं.

"मला आत्ता कळलं गं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "तिथे नाही कळलं."

चैताली बघतच राहिली. मग तिला हसू आलं, आणि हसताना डोळे भरले. "काय बाई तुमी! मी म्हटलं बेनले फक्त मिलची पाळी समजन अन तुमाले दोनी समजन. म्हणून तर तिच्यासमोर बोलली. तुमी तर आपली मुंडी हालवली. मले वाटलं समजलं बाईले, आता बाई पाहून घेईन."

"बेनला सरळ सांगायचं होतंस. त्यांच्या अहवालात बाळंतपणाच्या रजेचं असतं."

"अन दाराशी पंडितदादा हुबा होता त्याचं? त्याले समजलं की तो लई गोड बोलते. म्हणते, बेटा घरी जा, आराम कर. आराम म्हणजे नाव गेलं. त्या मोतीनगरच्या पोरीले तसंच आराम करायले लावला, ते अजून आरामच करून राह्यली." टाक्यात पाणी गरगरत होतं, एका बाजूने काळं येत होतं आणि दुसऱ्या बाजूने चहाच्या रंगाचं निघत होतं. "मागच्या साली राह्यलं होतं, बाई. तवाच नवीन आली होती मी रंगात. तिसऱ्यात गेलं. डॉक्टरीण म्हणे, असं होते कोणाचं कोणाचं. मी नाई म्हणत का रंगानं झालं. मले काय समजते? पण आता ढवळाले घेतलं का तेच आठवते. घरवाला प्रदीप म्हणते, सोड काम. काम सोडलं तर भेस्तानची खोली सोडा लागते. मले काम सोडाचं नाई. मले फक्त रंग सोडाचा हाय."

एवढं बोलून तिने नाक पुसलं आणि ओढणी पुन्हा बांधली. तिच्या मनगटावर गुलाबी ठिपके होते, धुतल्याने न जाणारे. प्रमिलाबाईंना त्या मनगटाला हात लावावासा वाटला आणि त्यांनी लावला. देवाचं नाव घ्यावं तर हिच्या घरी तथागतांची तसबीर आहे, माझा देव हिला चालेल का? आणि मग त्यांना स्वतःचंच हसू आलं. देवाला काय, त्याला कुठल्या घराचा पत्ता विचारायचाय. "जेवलीस?" त्यांनी विचारलं. चैतालीने नकाराची मान हलवली. "वासानं जात नाई खाली."

परतताना प्रमिलाबाई कापडाच्या ट्रॉल्यांमधून सावकाश चालत होत्या आणि विचार त्यांच्यापुढे चालत होता. झरणाबेनला चूक सांगावी तर ती विचारणार, मग ती काय म्हणाली होती? खरं सांगावं तर पोरीचं गुपित अहवालात जाणार, नाव नसलं तरी रंगखात्यात दोनच बायका, आणि काशीबाईंचं वय बघता पंडितला हिशेब करायची गरज नाही. गप्प बसावं तर सोमवारी पोरगी फाटकाबाहेर. खोटं बोलावं तर... खोटं त्या बोलत नसत. त्यासाठी कधी नेम घ्यावा लागला नव्हता, जीभच तशी होती, जड. आता त्या जड जिभेचा त्यांना राग आला. इतकी वर्षं आपण न बोलण्याला पुण्य समजत आलो की काय? सासूबाईंचं न विचारणं, माझं न सांगणं. त्या चौथ्याबद्दल घरात एक अक्षर कोणी काढलं नाही, आणि सगळ्यांना वाटलं की आपण एकमेकांवर माया करतो आहोत. मायाच होती ती. पण त्या मायेत ते एकटंच राहिलं.

वर झरणाबेन लॅपटॉप वळवून पंडितला काहीतरी दाखवत होती. "हजेरीचा भाग मी आज बंद करते. एटले आतापर्यंत जे आहे त्यात कलर किचनमधली एक शिफ्ट मिस, फोल्डिंगमध्ये..."

"थांबा," प्रमिलाबाई म्हणाल्या.

झरणाबेनचं वाक्य अर्ध्यात राहिलं. नेम मोडला तो असा, डोळ्यांदेखत, आणि आश्चर्य म्हणजे काही पडलं नाही, दिवा विझला नाही. खिडकीबाहेर कोणीतरी टेम्पो मागे घेत होतं. "ती शिफ्ट काढा. कलर किचनमधली. ती मुलगी रोज आलेली आहे. चूक माझी, मी मान हलवली."

"अरे बाई, मी माझ्या कानाने ऐकलं, पाळी चुकली म्हणाली," पंडित म्हणाला.

"तुम्ही हजेरी बघा पंडितभाऊ. कानाने हजेरी लागत नाही."

झरणाबेनने हजेरी उघडली. वरून खाली पाहिलं. खरंच एकही खाडा नव्हता. तिने भुवया उंचावल्या. "बराबर. पण मग ती काय म्हणाली, बेन?"

हाच तो प्रश्न. पंडितही मान कलती करून ऐकत होता. प्रमिलाबाईंनी एक श्वास घेतला, पुरता.

"ते तिने अहवालाला नाही सांगितलं. मला सांगितलं."

झरणाबेनचे हात थांबले. ती प्रमिलाबाईंकडे बघत राहिली, बाई बाईकडे बघते तशी, वरपासून खालपर्यंत नाही, नुसती डोळ्यांत. तिला काय कळलं कोण जाणे. तिने दोन बोटांनी ती ओळ खोडली.

"आणि बेन," प्रमिलाबाई थांबल्या नाहीत, थांबलं तर पुन्हा बोलता येणार नाही हे त्यांना कळत होतं, "तुमच्यात एक प्रश्न आहे ना, रंगाच्या, रसायनाच्या कामावर बायका किती? तिथे शून्य लिहा."

"पण आहेत ने? दोन."

"आहेत. दोघींना फोल्डिंगला घ्यायचं."

"काय बोलता!" पंडित खुर्चीतून उठला. "फोल्डिंगला जागा कुठे? आणि रंग कोण कालवणार, मी?"

"तुम्ही कालवा की. तोंड रंगलेलंच आहे." हे आपण बोललो? झरणाबेन खुदकन हसली. प्रमिलाबाईंनाच ओशाळल्यासारखं झालं, म्हणून पुढचं त्या हळू बोलल्या, "दोन पुरुष द्या तिथे, मास्क देऊन. फोल्डिंगची जागा मी करते. सेठना मी सांगते, परदेशी पाहुणे पहिले रंगखात्यातच जातात आणि बायका पाहिल्या की फोटो काढतात. हे खोटं नाही, मागच्या वेळी काढले होते."

पंडितने एका मोबाइलकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. "आज बाईंना झालंय काय," तो म्हणाला, पण कपाळाला हात लावून म्हणाला, म्हणजे अर्धा राजी झाला होता. सेठ हा शब्द त्याला पुरेसा असे.

"बेन, आज शून्य लिहिता नाही येणार," झरणाबेन म्हणाली. "आज दोन आहेत."

"मग आज नका लिहू. आधी खरं होऊ दे. सोमवारी लिहा."

सेठनी फारसं विचारलं नाही. फोटोचं ऐकून चष्मा काढला, पुसला, आणि "करी नाखो", करून टाका, म्हणाले. सोमवारी सकाळी झरणाबेन स्वतः कलर किचनच्या दाराशी जाऊन उभी राहिली, मास्क लावलेले दोन पुरुष पाहिले, आणि उभ्याउभ्याच तो आकडा भरला. जाताना ती प्रमिलाबाईंच्या जवळ आली, काहीतरी विचारणार असं वाटलं, पण तिने नुसतं विचारलं, "एने सारू छे ने?" तिला बरं आहे ना? प्रमिलाबाई म्हणाल्या, "हा."

फोल्डिंग खात्यात खिडक्या मोठ्या. लांब टेबलांच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहून कापडाच्या घड्या घालतात, आणि आवाज म्हणजे फक्त कापडाची सळसळ आणि तोंडांचा. त्यात सकाळपासून एक तोंड सगळ्यांच्या वर होतं. "मले कोणी इचारलं?" काशीबाई म्हणत होत्या, प्रमिलाबाई येताना दिसल्या तशा आणखी मोठ्याने. "तिथं बसून काम होतं. इथं दिसभर हुबं राहा. या वयात माह्या गुडघ्याचे काय भजे तळाचे हायेत का बाईले? ते एक स्टूल तेवढं मी आणलं वढत, तर हे पोरी म्हणते इथं बसत नाईत. मी बसतो, कोण उठवते पाहू." बायका हसल्या. प्रमिलाबाईंना सगळं सांगावंसं वाटलं आणि सांगता येईना. काशीबाईंची तक्रार खरी होती. "काही दिवस, काशीबाई," त्या म्हणाल्या. "काही दिवस काहून? काय सण हाय?" काशीबाईंनी फटकन घडी मारली.

टेबलाच्या टोकाला चैताली होती. ओढणी गळ्यात मोकळी. सुट्टी व्हायला अजून वेळ होता, पण तिने घडीखाली लपवलेला डबा उघडला होता आणि उभ्याउभ्याच पोळीचा घास मोडून तोंडात टाकत होती, इकडेतिकडे बघत, चोरासारखी, आणि एक गिळायच्या आत दुसरा. भाजी हाताला लागली तर बोट चाटलं. कितीतरी दिवसांची भूक एकदम आल्यासारखी ती खात होती. काशीबाईंचं तोंड अजून चालू होतं. बोलता बोलता त्यांची नजर तिकडे गेली. बोलणं सुरूच राहिलं, दोन-तीन शब्द तसेच पुढे गेले, मग थांबले. काशीबाई डब्याकडे बघत होत्या. मग चैतालीच्या तोंडाकडे. मग मागे वळून त्यांनी प्रमिलाबाईंकडे पाहिलं, आणि प्रमिलाबाई दुसऱ्या टेबलावरच्या कापडाचा पोत हाताने बघू लागल्या.

फरशीवर लाकूड घासल्याचा आवाज आला. काशीबाई उठून पायाने स्टूल ढकलत नेत होत्या, टेबलाच्या टोकापर्यंत.

"बस," त्या चैतालीला म्हणाल्या. "हुब्यानं खाऊ नाई."